गुलालावर चालल्यागत

बसा, सगळे बसा. दारात उभ्या आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. शेवटी सगळ्यांनाच एकदा उभं राहायचंय, तोवर बसून घ्या.

मंगलचे मालक दाजी, तिची लेक सायली, तिच्या माहेरची मंडळी, गल्लीतल्या आयाबायांनो, आणि मंगलनं ज्यांचे ज्यांचे ब्लाऊज शिवले त्या सगळ्याजणींनो. म्हणजे निम्मी राजारामपुरी झाली. बाहेरगावच्या पावण्यांना मी कोण ते सांगते. मी पद्मजा. मंगलच्या शिलाईच्या दुकानाला लागून माझं मेडिकल आहे. माझं माहेर कागलचं, घर जैनांचं, मोठ्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. मंगल मला अक्का म्हणायला लागली आणि मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. आमच्या दोन दुकानांत एक भिंत. वीसएक वर्षं त्या भिंतीतनं मला तिच्या मशिनीचा आवाज यायचा. ती दुखण्यानं पडल्यापासनं, वर्ष होत आलं, ती भिंत गप्प आहे. तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी भिंतीला डोकं टेकून बसते. कधीकधी डोळा लागतो, आणि झोपेत मशीन चालू होते. काय सांगू तुम्हाला. इतका खरा आवाज येतो, की मी दचकून हाक मारते, "मंगे, च्या सांगू का?"

मला भाषण येत नाही. मला काउंटरमागनं बोलायची सवय, मधे काच असते. आज काच नाही. मंडळाच्या पोरांनी सांगितलं, अक्का, मंगलकाकूंच्या चार चांगल्या गोष्टी सांगा. चार काय, चारशे सांगते. पण मला एक वाईट गोष्ट सांगायचीय. माझीच. ती सांगितल्याशिवाय मला तिला निरोप देता येत नाही. सायली, हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला एक प्रश्न विचारलास. मी तुला खोटं उत्तर दिलं. ते उत्तर परत घ्यायला मी इथं उभी आहे. प्रश्न काय होता ते सांगेन सगळ्यांना. आधी मंगलविषयी बोलू दे.

मंगल माप घ्यायची डोळ्यांनी. टेप नुसता गळ्यात दागिन्यासारखा. बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत हिचं माप घेऊन झालेलं असायचं. वर तोंड फाटकं. "वैनी, मागच्या दिवाळीपासनं दोन बोटं वाढलायसा की!" समोरची लाजायची. मग ही हळूच म्हणायची, "भिऊ नका, शिलाईत माया ठेवतो. सुखानं जाड व्हा." आपल्याकडच्या बायका मी येतो, मी जातो म्हणतात ना, तशीच ती बोलायची. सायलीला पुण्याचं स्थळ बघायला आलेलं तेव्हा आम्ही सांगून सांगून थकलो, जरा नीट बोल. ती म्हणाली, "त्यास्नी सून पायजे का रेडिओवरची बाई?" ते स्थळ मोडलं. मंगलला त्याचा कसला आनंद झाला होता म्हणून सांगू!

तर अशा बाईनं एके दिवशी येऊन मला सांगितलं, "अक्का, पाठीत दुखतंय." मी विचारलं, कुठं? तिनं हात मागं वळवला आणि बोट ठेवलं. "हितं. ब्लाऊजची मागची पट्टी जितं टेकती, बरोबर त्येच्या खाली." हे वाक्य लक्षात ठेवा. माझी विनंती आहे, हे वाक्य लक्षात ठेवा. जिनं जन्मभर दुसऱ्याच्या पाठीची मापं घेतली, तिनं स्वतःच्या पाठीचं माप पहिल्याच दिवशी अचूक सांगितलं होतं. आम्हीच कुणी ते लिहून घेतलं नाही.

मी काय केलं? मलम दिलं. वाकून वाकून मशीन मारतेस, दुखणारच की, असं म्हणाले. आठवड्यानं परत आली. मी गोळ्यांची पट्टी दिली. ती म्हणाली, "बसल्यावर एवढं न्हाय गं. आडवं पडलं की ज्यादा दुखतंय." आणि मी, तुमची ही शहाणी अक्का, काय म्हणाले माहीत आहे? "मग पडू नको आडवी, राणीसारखी बसून झोप." आम्ही दोघी हसलो. फार हसलो. कामानं दुखणारी पाठ निजल्यावर निवांत व्हायला पाहिजे. निजल्यावर जी जास्त दुखते तिचं काहीतरी वेगळं आहे. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर मला मार्क मिळाले असते.

हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं आपण दुखण्याविषयी म्हणतो ना? मंगलचं दुखणं मुंगीच्या पावलानं आलं. इतक्या हळू आलं, की आम्हाला ते दुखणं वाटलंच नाही. त्यातला काही भाग तर आम्हाला सुखाचा वाटला. तेच तर सांगायचंय.

माघ आला. माघातल्या पाच रविवारी आपण जोतिबाला अनवाणी चालत जातो. पावण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, त्याला आम्ही खेटे म्हणतो, आणि जोतिबाला नाथ. आमची दहाबारा बायकांची टोळी. मी बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात जाणारी, पण खेटे मी मंगलसाठी करायची. ती देवासाठी चालायची, मी तिच्या गप्पांसाठी. पहाटे पंचगंगेच्या पुलावर धुकं असायचं. पुढची बाई दिसायची नाही, नुसती तिची काकणं वाजायची. वडणग्याच्या पुढं गुऱ्हाळाचा वास यायचा, गोड, कढत. आणि त्या धुक्यातनं मंगलचा आवाज यायचा, पुढनं, मागनं, कुठूनही. अजून मला वाटतं, एखाद्या पहाटे त्या पुलावर जाऊन उभी राहिले तर तो आवाज येईल.

त्या वर्षीच्या दुसऱ्या खेट्याला ती माझ्या दंडाला धरून चालत होती. एकदम थांबली. म्हणाली, "अक्का, पायाखाली गुलाल लागतोय."

मी खाली बघितलं. डांबरी रस्ता. वडणग्याचं नुसतं डांबर.

"न्हाय गं," ती म्हणाली, "मऊ मऊ लागतंय. डोंगरावर पायऱ्यांवर गुलालाचा थर असतोय बघ, पाय आत जातोय, तसं. गुलालावर चालल्यागत."

आमच्यात सुशीलामावशी सगळ्यांत मोठ्या. त्या इथंच पुढं बसल्यात. मावशी, तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही जे बोललात ते मीही मनात बोलले होते. मावशींनी तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "नाथानं वाट मऊ केलीया तुजी. भाग्याची हायस." मंगलचा चेहरा असा उजळला! तुम्ही बघायला पाहिजे होता. धुकं विरत होतं, उन्हं उसाच्या तुऱ्यांवर आली होती, आणि ती हसत, तरंगत चालल्यासारखी पुढं निघाली. मला तिचा हेवा वाटला. खरंच सांगते, हेवा वाटला. माझ्या पायाला खडे टोचत होते.

टोचत होते, म्हणजे माझे पाय धड होते. हे कळायला मला वर्ष लागलं.

तिसऱ्या खेट्याला आम्ही गायमुखाच्या पायऱ्या चढत होतो. मी तिच्या मागं. बघते तर पायरीवर लाल. मला आधी गुलालच वाटला. पुढच्या पायरीवर लाल. त्याच्या पुढच्या पायरीवरही. एकाच पावलाचा. मी तिला खाली बसवलं, तळपाय उलटा केला. बाटलीच्या काचेचा हा एवढा तुकडा आत रुतला होता. माझ्या पिशवीत कापूस, चिमटा, औषध असतंच. मी चिमट्यानं काच ओढली. त्या वेळी मंगल मला सायलीच्या पहिल्या पगाराच्या साडीविषयी सांगत होती. काच बाहेर आली, रक्त वाहायला लागलं, आणि तिचं वाक्य तुटलं नाही. काठ कसला, पदर कसला, सांगतच राहिली.

बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, नाथानं दुखू बी दिलं न्हाय." एक जण वाकली, तिच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. मग दुसरी वाकली. मग तिसरी.

आणि मग मी वाकले. औषधाचं शिक्षण घेतलेली, भिंतीवर सर्टिफिकेट लावलेली, हातात रक्ताची काच धरलेली मी. मी त्या पायाला नमस्कार केला.

थांबा. पाणी द्या जरा.

वर देवळात तिनं डोळे मिटून हात जोडले आणि ती झुलली. पडणार तेवढ्यात खांबाला टेकली. आम्ही म्हणालो, तंद्री लागली. घरी देव्हाऱ्यापुढं ती एका हातानं फळी धरून उभी राहायला लागली होती. दाजी, तुम्हीच मला ते नंतर सांगितलंत. डोळे उघडे असले की ती सरळ, मिटले की झुलायची. आम्ही म्हणायचो, वय वाढलं तशी भक्ती वाढली. पायाची जखम चिघळली म्हणून पाचवा खेटा तिला करता आला नाही. ह्याच्यावर मी परत येणार आहे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडं नेलं नाही का? नेलं की. आपण काय रानात राहतो का? ह्या राजारामपुरीत दर दोन दुकानांमागं दवाखाना आहे. एका डॉक्टरांनी एक्सरे काढला, थोडी झीज आहे म्हणाले, कमरेला पट्टा दिला. तो पट्टा माझ्याच दुकानातनं गेला. तेवढ्यात मशिनीवर तिचा पाय चुकायला लागला. दाजींनी हौसेनं मोटर बसवून दिली, तर मोटरीच्या पेडलवर पाय किती दाबला हे तिला कळेना. मशीन सुसाट. एक दिवस गिऱ्हाइकाच्या बाहीला स्वतःचाच पदर शिवून बसली. भिंतीतनं हाक आली, "अक्का, कातर घिऊन ये, मी ब्लाऊजाला जुपलोय!" हसलो. परत हसलो. एवढं हसलो आम्ही त्या दुखण्याला, की त्यालाही वाटलं असेल, घर चांगलं आहे, राहू या.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. पायाला मुंग्या म्हणजे कंबर, म्हणून कमरेचा काढला. रिपोर्ट आला, ह्या वयाला चालायचंच, काळजीचं काही नाही. मंगलनं त्या दिवशी गल्लीत जिलेबी वाटली. मीही खाल्ली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ती ब्लाऊजच्या पट्टीखाली बोट ठेवून सांगत होती, आणि आम्ही सगळे मिळून तिच्या साडीच्या निऱ्यांपाशी शोधत होतो. रिपोर्ट खोटा नव्हता. कंबर खरंच बरी होती. पण वरची पाठ कुणी बघितलीच नव्हती, आणि कागद हातात आला म्हटल्यावर आम्ही विचारायचं थांबलो. आधी निदान धाकधूक तरी होती. त्या कागदानं तीही घालवली.

त्याच्यानंतरचे चार महिने सगळ्यांत महागात पडले.

शेवटी ओळखलं कुणी? पलीकडच्या गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या मॅडम आहेत, पन्नाशीच्या. कापूस न्यायला माझ्या दुकानात आल्या होत्या. मंगल तिच्या दुकानाची पायरी उतरत होती. मॅडमनी मला विचारलं, "ह्या बाई पायांकडं बघत का चालतात?" मी म्हणाले, पडायची भीती वाटते तिला. मॅडम कापूस तिथंच ठेवून गेल्या. मंगलला म्हणाल्या, सरळ उभ्या राहा, आता डोळे मिटा. मंगल झुलली. मॅडमनी धरलं. मग आत नेऊन खुर्चीत बसवलं, तिच्याच पिनकुशनमधली टाचणी घेतली आणि पायापासनं हलकी हलकी टोचत वर यायला लागल्या. टोचतंय का? न्हाय. टोचतंय का? थोडं. पोटापर्यंत तसंच. छातीच्या खाली आल्या आणि मंगल ओरडली, "आई गं!" मॅडमनी तिथं शिवणाच्या खडूनं रेघ मारली. पुढनं मागं, गोल.

रेघ कुठं आली, सांगू? ब्लाऊजच्या पट्टीखाली.

मंगल त्या रेघेकडं आरशात बघत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी म्हणलो हुतो की गं."

आता वरच्या पाठीचा एमआरआय झाला. मणक्याच्या आत, मज्जारज्जूला चिकटून गाठ. तीन दिवसांत ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पूर्ण निघाली, कॅन्सरची नाही, साधी आहे. साधी! आम्ही जिन्यात एकमेकींच्या गळ्यात पडलो. मला वाटलं, आता ही उठणार, मला शिव्या देत घरी चालणार. पण पाय आले नाहीत. गाठ गेली, पण तिनं दाबून ठेवलेलं परत जागं झालं नाही. फार दिवस दाबलं होतं.

आठ महिने ती पलंगावर होती. मी रोज दुपारी जायची. तिला वाईट वाटू नये म्हणून मी बडबडायची, मग ती मला गप्प करून स्वप्नं सांगायची. तशी स्वप्नं मला कधी पडली नाहीत. म्हणायची, "अक्का, सपनात माजं पाय कळत्यात. पुलाखाली पाण्यात उतारलो, गार लागलं. गुऱ्हाळाची राख लागली, कढत लागली. वडणग्याच्या रस्त्याला खडा टोचला गं! असला भारी टोचला!" आणि तिच्या डोळ्यात पाणी. लोक स्वप्नात राजवाडे मागतात, हवेत उडतात. माझी मंगल स्वप्नात एक खडा टोचला म्हणून धन्य व्हायची.

एकदा तिनं मला पायाशी बसवलं. म्हणाली, "माजा पाय धर." मी धरला. "धरलास?" धरला गं. "जोरानं?" जोरानं. मग डोळे मिटून म्हणाली, "अजून गुलालच हाय."

पुढं पडून पडून पायात रक्त साकळलं, ते फुप्फुसात गेलं, आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. त्या सकाळी मी निघाले तेव्हा ती मला म्हणाली होती, "सावकाश जा, पायरी वल्ली हाय." ज्या पायरीवरनं ती आठ महिने उतरली नव्हती, ती ओली आहे हे तिच्या ध्यानात होतं.

आता सायलीचा प्रश्न. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी, हॉस्पिटलच्या जिन्यात सायलीनं मला विचारलं, "काकू, आधी कळलं असतं तर आई चालली असती का?"

मी म्हणाले, "नाही बाळा. देवाचीच तशी इच्छा."

खोटं बोलले. त्याच्या आधी तासभर मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले होते, कुणाचीच खात्री देता येत नाही. पण चालत होत्या तेव्हा आल्या असत्या तर बहुतेक स्वतःच्या पायानं घरी गेल्या असत्या. हे मी ऐकलं, आणि तासाभरात तुझ्या तोंडावर देवाचं नाव घेतलं. तुला त्रास होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते दुसरं खोटं. तू उद्या विचारशील, काकू, पहिली गोळी कुणी दिली? त्याला मी भ्याले होते.

मला वाटलं, एक खोटं बोलल्यानं कुणाचं काय बिघडतंय? काय बिघडतं ते मंगलच्या दहाव्याला कळलं. घाटावरनं परत येताना दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, तुम्हीच सायलीला म्हणलासा, देवाची इच्छा. मला ठावं हाय कशापायी. पाचवा खेटा चुकला. मीच म्हणलो तिला, पाय चिघळलाय, ह्या रविवारी जाऊ नको. मीच अडवली. नाथ माज्यावर कोपला."

ऐकलंत? ज्या माणसानं बायकोच्या पायाची जखम बघून तिला मायेनं घरी ठेवलं, तो माणूस इतके महिने रात्रंदिवस हे पोटात घेऊन फिरतोय. माझ्या एका वाक्यापायी. मी माझी चूक देवाच्या खांद्यावर ठेवली, आणि ती तिथनं घरंगळत दाजींच्या उरावर येऊन बसली.

म्हणून दाजी, सगळ्यांच्या देखत सांगते. पाचवा खेटा चुकला म्हणून मंगल गेली नाही. तुम्ही तिला अडवलंत, ते त्या सगळ्या वर्षात आमच्यापैकी कुणीतरी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम होतं. तुम्ही जखम बघितलीत. आम्ही चमत्कार बघितला. आणि नाथाचं म्हणाल, तर नाथ कोपला नव्हता हो! मी जैनाची लेक, तुमच्या देवाविषयी अधिकारानं बोलू नये. पण मला असं वाटतं, तो तर सांगत होता. पायरी पायरीवर लाल रंगानं लिहून सांगत होता, की हिला काच टोचत नाही, बघा. तो आणखी काय करणार? त्यानं दाखवलं, आणि आम्ही पाया पडत बसलो.

सायली, तुझं उत्तर. हो. आधी कळलं असतं तर तुझी आई बहुतेक चालली असती. आणि आधी कळायला मी सगळ्यांत जवळ होते, एक भिंत सोडून. ती मला महिनोन्‌महिने सांगत होती, आणि मी गोळ्या देत होते. डॉक्टर चुकले, बरोबर आहे. पण डॉक्टरांना ती दहा मिनिटं दिसली, मला रोज दिसत होती. तुला माझा राग आला तर तो खरा आहे, तो ठेव. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. फक्त देवावर राग धरू नकोस आणि बापावर तर अजिबात धरू नकोस.

येत्या माघात मंगलचा राहिलेला पाचवा खेटा मी करणार आहे. तू आलीस तर पुलावर भेटू. नाही आलीस तरी मी जाणार. आणि वाटेत जो जो खडा टोचेल, त्याला त्याला तुझ्या आईची आठवण सांगणार.

आता शेवटचं. घाबरवायला मी हे सांगितलेलं नाही. पाठ दुखली की गाठच असते असं काही नाही. बहुतेक पाठी साध्याच कारणानं दुखतात. पण निजल्यावर जास्त दुखत असेल, पाय जड, मऊ, परके वाटत असतील, चालताना पायांकडं बघावं लागत असेल, तर माझ्याकडून मलम नेऊ नका. आणि कुठं दुखतंय ते बोट ठेवून सांगा, डॉक्टरांनी तिथंच बघेपर्यंत बोट उचलू नका. रिपोर्ट चांगला आला तरी उचलू नका.

आता उभे राहू या. सगळ्यांनी. दाजी, तुम्हीही, सुशीलामावशींना कुणीतरी हात द्या. आपण चपला बाहेर काढून आलोय. ही शहाबादी फरशी आहे, आणि सकाळी पोरांनी धुतलीय. दोन मिनिटं आपण मंगलसाठी गप्प उभं राहायचंय. डोळे मिटून. आणि त्या दोन मिनिटांत मनात दुसरं काही आणायचं नाही, फक्त पायाखाली लक्ष ठेवायचं. फरशी गार लागेल. तिचा सांधा लागेल, एखादा खडाही लागेल. लागू द्या. मंगलला ते स्वप्नातच मिळत होतं, तुम्हाला जागेपणी मिळतंय.

आणि ज्याला गार लागणार नाही, ज्याचा तोल जाईल, ज्याला पायाखाली मऊ, छान, गुलालावर उभं राहिल्यागत वाटेल, त्यानं लाजू नये, आणि भाग्य समजू नये. उद्या सकाळी दुकानात यावं. मी शटर उघडून उभी असेन. गोळी देणार नाही. हाताला धरून घेऊन जाईन.

मंगे, तुझं माप बरोबर होतं गं. आम्हीच चुकलो.

चांगभलं.

मिटा डोळे.